आप्पांची व्हॉल ट्यूबची परीक्षा

आप्पांना वास येत नसे. कमी येई असं नव्हे, अजिबात येत नसे. आमच्या निपाणीची तपकीर चाळीस वर्षं कोंबून कोंबून त्यांनी आपल्या नाकाचं पार वाटोळं करून घेतलं होतं. शेजारच्या हॉटेलात दूध करपून सगळी गल्ली खोकायला लागली, तरी आप्पा निवांत पंक्चर काढत बसलेले असत. आणि असल्या माणसाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान कुठं असावं? खासबागेच्या कोपऱ्यावर, सारायीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर! सारायी म्हणजे आमच्याकडची परवान्याची देशी दारू. कॉलेजच्या पोरांच्या खिशाला परवडणारी तेवढीच. पोरं संध्याकाळी तिथं बसत आणि सिटी बस चुकली की आप्पांकडून सायकल घेऊन आपापल्या खोलीवर जात. सकाळी कॉलेजला येताना सायकल परत. आता पिऊन आलेलं पोरगं ओळखायचं कसं? नाकाचा उपयोग शून्य. म्हणून आप्पांनी आपली एक परीक्षा काढली होती.

तेव्हाच्या सायकलींच्या ट्यूबमध्ये हवा धरून ठेवायला एक पितळी पिन असे आणि त्या पिनेवर बारीक रबरी नळी चढवावी लागे. तिला आम्ही व्हॉल ट्यूब म्हणायचो. थुंकी लावून, चिमटीत धरून, हलके हलके सरकवायची. जरा हात थरथरला की नळी उडून मातीत. दिवेलागणीनंतर कुणी कॉलेजचं पोरगं सायकल मागायला आलं की आप्पा एक मोकळी पिन आणि बोटाच्या पेराएवढी नळी त्याच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "चढीव बघू." मग मोजायला लागत, तेही कानडीत. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." दहाच्या आत नळी चढली तर सायकल मिळे. एकदा कुणीतरी विचारलं, "आप्पा, कानडीत का मोजता?" तर म्हणाले, "मराठीत मोजलं की तुम्ही पोरं माझ्यासंगं मोजाय लागतासा. बोटांकडं ध्यान ऱ्हात न्हाय." गोकाककडची कानडी पोरं आली की मात्र ते मराठीत मोजत. न्याय म्हणजे न्याय!

नापास झालेल्याला आप्पा हाकलून देत नसत. दुकानापुढं एक फळी होती, तिच्यावर त्याला बसवत. भाजी विकून बाजारातून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्या त्याच रस्त्यानं जात. त्याच्या गावाकडची, समजा पिरनवाडीकडची, गाडी दिसली की आप्पा रस्त्यात उभे राहून हात करत. "ए मामा, थांब की जरा. एक नग हाय तुझ्या गावचा." मग दोघं मिळून पोराला उचलून गाडीत घालत. गाडीवान कुरकुरला तर आप्पांचं ठरलेलं वाक्य असे, "तुझं बैल काय पिल्यात व्हय? मग झालं तर. ती घर चुकत न्हाईत." सकाळी ते पोरगं केसात कोबीची पानं घेऊन कुणाच्या तरी गोठ्यापाशी जागं होई. त्या दिवशी कॉलेजात त्याची जी शोभा होई, ती काय वर्णावी! आणि संध्याकाळी त्यानं दुकानात येऊन दोन सायकलींत हवा भरायची, ही शिक्षा.

आप्पा पोरांची नावं लक्षात ठेवत नसत. गावं ठेवत. "ए काकती, इकडं ये." "खानापूर, आज पेपर हुता न्हवं? कसा गेला?" मी निपाणीचा, म्हणून मी निपाणी. मी पहिल्यांदा सायकल घ्यायला गेलो तेव्हा माझं नाव मिलिंद म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊं दे. गाव कुठलं?" त्या महिन्यात मी खोलीसाठी वणवण फिरत होतो. माझं आडनाव ऐकलं की खोल्या भरलेल्या असत, सगळ्याच्या सगळ्या! अखेर पिरनवाडीत, गावाबाहेरच्या चाळीत, एक खोली मिळाली. आडनाव न विचारणारा बेळगावातला मला भेटलेला पहिला माणूस म्हणजे आप्पा. मला ते इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी काम नसताना मी एक तासाची सायकल घेतली आणि नुसता चकरा मारत बसलो.

माया करतो असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "तुमची कोण काळजी करतंय?" ते खेकसत. "माणूस पडला तर उठतोय. सायकल पडली की पुढच्या चाकाचा चिमटा वाकतोय. तो काय तुझा बा सरळ करून देणार हाय?" आम्ही हसायचो. एकीकडे हे बोलणं, आणि दुसरीकडे फळीवर बसलेल्या पोराला स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून द्यायची. "खा. रिकाम्या पोटानं गाडी लागतीया." वर आणखी एक शहाणपण, "कानडीत साकु म्हणून शब्द हाय. म्हंजे पुरे. एवढा एक शब्द शिकला असतासा तर डिग्रीची गरज न्हवती." स्वतः आप्पा दारूच्या थेंबालाही शिवत नसत. पण पिणाऱ्यांपुढं नाकानं कांदेही कधी सोलत नसत. प्यायचं का नाही हा तुमचा प्रश्न. घरी कसं जाणार, एवढंच त्यांना बघायचं असे.

काकतीच्या पोराची गोष्ट तर आमच्यात गाजली होती. हा गडी परीक्षेत नापास झाला, फळीवर बसला, आणि आप्पा गिऱ्हाईक बघताहेत तेवढ्यात स्वतःच जाऊन समोर थांबलेल्या गाडीत आडवा झाला. काकती बेळगावच्या उत्तरेला आणि गाडी होती दक्षिणेकडची! सकाळी तो मच्छे गावात जागा झाला. इकडं पोरगं फळीवर नाही हे आप्पांच्या रात्री उशिरा ध्यानात आलं. पहाटे सायकल काढून ते एकेक गाव पालथं घालत निघाले. मच्छ्यात तो चहा पीत बसलेला सापडला. आप्पांनी त्याला एक सणसणीत शिवी हासडली, त्याच्याच पैशानं दोन चहा प्याले आणि डबलसीट काकतीला नेऊन सोडला. परत आल्यावर आम्हांला म्हणाले, "चूक माझी हाय. नग गाडीत घालायचं काम माझं. त्येला एकट्याला बशीवलंच कसं मी?" दोन दिवस त्यांनी हे घोकलं. तेव्हा आम्हांला त्याची मजा वाटली होती.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, म्हणजे ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मी सातव्या-आठव्या वर्षापासून तिच्याशेजारी सूप मांडीवर घेऊन बसायचो. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळी करायची, नखानं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवे गेले तरी आमचे हात थांबत नसत. डुलक्या घेताना मी विड्या वळल्यात, आणि त्या आईनं वळलेल्या विड्यांत मिसळून गेल्यात. असल्या बोटांना व्हॉल ट्यूबचं काय हो कौतुक? सारायीचा तिसरा गिलास पोटात असताना, समोरचे आप्पा दोन-दोन दिसत असताना, माझी बोटं आपली आपण नळी चढवून मोकळी व्हायची. आप्पा "आरु", म्हणजे सहा, म्हणेपर्यंत पिन तयार!

आप्पा बेहद्द खूश. "निपाणी, हात म्हंजे तुझा हात बघ!" त्यांची पक्की समजूत झाली, की हे पोरगं मित्रांत बसतंय खरं पीत न्हाय. बेळगावकडं 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात, तसं ते म्हणायचे, आणि माझ्या बाबतीत त्यात खरं काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात हसायचो. पुढं पुढं तर ते माझा दाखला द्यायला लागले. "त्या निपाणीकडं बघा जरा. आई विड्या वळून शिकवतीया, त्येची जाणीव हाय पोराला." खोली लांब, पोट रिकामं, आडनावाचा सल मनात, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. खोटं कशाला सांगू, त्यातलं निम्मं नाटक होतं. मला प्यायला आवडायचं आणि न पकडलं जायला त्याहून आवडायचं.

माझ्या खोलीत दिगंबर राहायचा. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा, आम्ही त्याला दिग्या म्हणायचो. पिरनवाडीत तो स्वस्त खोली बघत आला, मी आडनाव सांगितलं, तो म्हणाला, "घोरतोस काय रं? मग झालं." तेव्हापासून एक ताट, एक चादर.

दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर एक वाजता सुटला. त्या दिवशी पोरं दुपारपासूनच बसायची हे आप्पांना ठाऊक, म्हणून तेही दुपारपासून पिन हातात घेऊन बसलेले. चारच्या सुमारास आम्ही दोघं दुकानापुढं आलो. दिग्याच्या हातून नळी तीनदा पडली आणि चौथ्यांदा तो तिला शोधत जमिनीवरच बसला. आप्पा हसले. "बस खानापूर, फळीवर बस. गाड्या यायला अजून दोन तास हाईत." दिग्या रडकुंडीला आला. त्याला सामान बांधून संध्याकाळची गाडी धरून घरी जायचं होतं. मी म्हणालो, "आप्पा, मी नेतो की त्याला डबलसीट."

आप्पांनी पिन माझ्या हातावर ठेवली. माझी दोन्ही कानशिलं ठणकत होती, समोरचा रस्ता वर-खाली होत होता. बोटांनी त्यांचं काम चोख केलं. आप्पांनी अकरा नंबरची सायकल काढून दिली, दिग्याला स्वतः धरून कॅरियरवर बसवलं, त्याचे हात माझ्या कमरेभोवती घातले आणि मला म्हणाले, "निपाणी, तू हाईस म्हणून सोडाय लागलोय बघ. सावकाश जा."

पिरनवाडीच्या अलीकडं उतार आहे. उताराच्या तळाशी मोरी. मला एवढंच आठवतं की वारा फार छान लागत होता, मी मोठ्यानं काहीतरी ओरडत होतो आणि ब्रेक दाबायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी कोपरं सोलवटली. दिग्या मोरीच्या दगडावर डोक्यानं आपटला.

कुणीतरी टेंपो थांबवून आम्हांला दवाखान्यात नेलं. आप्पा अर्ध्या तासात धावत आले. दुकान उघडं टाकून, अनवाणी, हाताला वंगण तसंच. दिग्याकडं बघून त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. माझे खांदे धरून ते विचारायला लागले, "कसं झालं रं? काय झालं रं लेकरा?" माझ्या तोंडाला सारायीचा भपकारा येत होता. आजूबाजूच्या सगळ्यांना येत होता. आप्पांना येत नव्हता.

मी म्हणालो, "आप्पा, ब्रेक लागला नाही."

दिग्या दोन दिवस शुद्धीवर नव्हता. त्याचे वडील खानापुराहून आले, ते दवाखान्यातून थेट दुकानावर गेले. मी त्यांच्या मागं होतो. भर रस्त्यात गळ्यापाशी सदरा पकडून त्यांनी आप्पांची गच्ची धरली. "नादुरुस्त सायकली देऊन लोकांची पोरं मारतोस व्हय रं? एकच हाय माझं!" माणसं जमली. आप्पांनी त्यांचे हात सोडवले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी हाय पाटील. ब्रेक मी बघाय पाहिजे हुता." मी गर्दीत उभा होतो. चार पावलांवर.

तिसऱ्या दिवशी दिग्यानं डोळे उघडले. डोकं वाचलं, पण मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्याचं पुढचं वर्ष गेलं ते गेलंच. त्याला त्या दुपारचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माझा श्वास मोकळा झाला, आणि तो झाल्याचीच मला शिसारी आली.

आप्पांनी अकरा नंबर सायकल उलटी केली आणि ब्रेकचे गज, रबरं, सगळं सुटं करून बघितलं. दोष सापडेना. सापडणार कुठून? मग पुन्हा जोडली, पुन्हा सोडवली. शेजारचा हॉटेलवाला त्यांना म्हणाला, "आप्पा, ब्रेक बरोबर हाय की. पोरगंच पिलेलं असंल." आप्पा त्याच्यावर उखडले. "त्यानं दहाच्या आत व्हॉल बशीवलाय माझ्या म्होरं. आणि कशाला खोटं बोलंल ते? मला काय शत्रू समजतंय?" स्वतःच्या तीस वर्षांच्या हातांपेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. सगळ्या सायकलींना नवी रबरं घातली. रोज दुपारी पेज घेऊन दवाखान्यात जायला लागले. पण बोभाटा व्हायचा तो झाला. त्या दुकानच्या सायकलींचे ब्रेक लागत नाहीत म्हणे! पोरं पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जायला लागली. तिथं व्हॉल ट्यूब नव्हती, परीक्षा नव्हती, बैलगाडी नव्हती. कुणी झिंगत आला तरी सायकल मिळे.

मी सुट्टीला निपाणीला पळालो. आईनं कोपरं बघितली. काय झालं म्हणून विचारलं, तिलाही मी तेच सांगितलं. तोवर ते वाक्य तोंडात बसलं होतं. आई विडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "त्या मेल्या सायकलवाल्याला जोड्यानं हाणाय पाहिजे. लोकांच्या पोरांचं काय वाटतंय का न्हाय त्येला?"

मला ते ऐकवेना. माझी आई, जी जन्मात कधी कुणाला विनाकारण वाकडा शब्द बोलली नाही, ती आप्पांना शिव्या देत होती. रोज तो विषय निघायचा, रोज एखादी नवी शिवी. शेजारणींना सांगायची, त्याही द्यायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर रात्रंदिवस दिवाबत्ती! तीन आठवडे मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या. बोटं चालत होती. एका सकाळी ती चालताना बघता बघता मी सूप खाली ठेवलं. उठलो, एस.टी. धरली आणि बेळगाव गाठलं.

आप्पा दुकानात एकटेच होते. अकरा नंबर उलटी करून चाक फिरवत होते, ब्रेक दाबत होते, चाक थांबत होतं, पुन्हा फिरवत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, म्हणाले, "ये निपाणी. कोपरं भरली काय?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. किती गिलास प्यालो ते, बोटांचं, विड्यांचं, उताराचं, सगळं. आप्पा चाकावर हात ठेवून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं,

"म्हंजे ब्रेक धरत हुता?"

"धरत होता, आप्पा. मी दाबलाच नाही."

ते खाली बसले. आणि रडायला लागले. वंगणाच्या हातानं डोळे पुसत होते, सगळं तोंड काळं होत होतं. "तीन आठवडं झोपलो न्हाय रं मी. डोळा लागला की त्या पोराचं डोस्कं दिसाय लागायचं. माझ्या हातनं पोरगं मराय लागलं हुतं म्हणून..." मी त्यांच्या पायाशी बसलो. रडत मीही होतो, पण माझ्या रडण्याला काय किंमत? थोड्या वेळानं ते नाक शिंकरून म्हणाले, "तीन गिलास पिऊन आरु म्हणायच्या आत व्हॉल बशीवलास?" त्या तसल्या वेळीही त्यांच्या आवाजात किंचित कौतुक होतं, ते मला ऐकू आलं. मग त्यांचा आवाज चढला. "ऊठ. माझ्या म्होरनं ऊठ. पैल्यांदा खानापूरला जा आणि त्येच्या बाला सांग. मग तोंड दाखीव."

खानापूरला जाणं सोपं नव्हतं. दिग्याच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, मला मारलं नाही, पाणीसुद्धा विचारलं. मग पायात वहाणा घातल्या आणि माझ्याबरोबर बेळगावला आले. दुकानापुढं, जिथं गच्ची धरली होती तिथंच, चार लोकांच्या देखत ते आप्पांच्या पाया पडायला वाकले. आप्पांनी त्यांना मधेच धरलं. दोघं फळीवर बसले आणि पाऊसपाण्याचं बोलत राहिले. माझ्याकडं दोघांनीही बघितलं नाही. दिग्यानं मात्र दवाखान्यात मला एकच विचारलं, "मीबी पिलो हुतो न्हवं? मग एकटाच कशाला रडायलाईस?" असा माझा दिग्या! आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याबरोबर आप्पांसाठी तपकिरीचा डबा पाठवला.

आप्पा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कॉलेज सुरू झालं. एका संध्याकाळी मी धीर करून सायकल मागितली आणि सवयीनं तळहात पुढं केला. आप्पांनी पिन काढली नाही. म्हणाले, "तुझी बोटं खोटी बोलत्यात. त्यास्नी न्हाय इचारणार मी. तुझ्या तोंडाला इचारणार. घेतलीस?"

"नाही, आप्पा."

"घे सायकल."

बस्स, इतकंच. मी सांगेन ते खरं धरायचं, अशी माझी परीक्षा त्यांनी ठरवली. इतर पोरांना ओंदु-एरडु, मला एक शब्द. मी दुखावला जाऊन म्हणालो, "आप्पा, शपथ घेतो, पुन्हा शिवणार नाही." त्यावर ते म्हणाले, "शपथ नगं. मोडलीस की लपवाय बघशील. पिलास तर पिलो म्हणून सांग. एवढं जमतंय काय बघ."

आणि खरंच सांगतो, हे जे जमवणं होतं ते महाकर्मकठीण. व्हॉल ट्यूब शंभर वेळा चढवीन, पण "घेतलीस?" असं विचारून ते डोळ्यांत बघत उभे राहिले की मी सायकलची घंटी वाजवत वेळ काढी. अख्खं वर्षभर मी त्यांच्याशी खोटं बोललो नाही. चारदा "व्हय" म्हणालो. चारही वेळा त्यांनी रागाचा शब्द न काढता मला फळीवर बसवलं, भाकरी दिली आणि गाडीत घातलं. कोबीच्या पानांवर उताणा पडून चांदण्या बघत मी त्या मोरीवरून गेलोय. बैल उतारावर आपणहून सावकाश चालत. कॉलेज सुटेपर्यंत पाचव्यांदा "व्हय" म्हणायची वेळ आली नाही. हळूहळू पोरंही परत यायला लागली, कारण खरी हकिकत दिग्यानंच कुबड्यांवर हिंडून साऱ्या कॉलेजात सांगितली होती.

मी पास झालो, धारवाडला बँकेत लागलो. बेळगावला आलो की आधी आप्पांकडे जायचो. ते विचारायचे, मी "नाही" म्हणायचो. लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोलाही त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "खरं बोलतोय न्हवं?" ती म्हणाली, "बोलतात." तेवढ्यावर ते खूश.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. दिग्याचं पत्र आलं, की आप्पांच्या छातीत पाणी झालंय, दवाखान्यात ठेवलंय, लवकर ये. मी धारवाडच्या स्टँडवर आलो. पाच-सहा वर्षांत थेंबाला न शिवलेला मी स्टँडसमोरच्या दारूच्या दुकानात शिरलो. त्यांना तसं बघायची छातीच होईना, म्हणून शिरलो. दुसरं कारण नव्हतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आप्पा खाटेवर एवढेसे झाले होते. दिग्या मला त्यांच्याजवळ बसवून औषधं आणायला गेला. आप्पांनी डोळे उघडले, मला ओळखलं. त्यांना बोलायला त्रास होत होता. त्यांनी काही विचारलं नाही. वास त्यांना येणारच नव्हता. मी गप्प बसलो असतो तर त्यांना कधीच कळलं नसतं, आणि ते "निपाणी सुधारला" म्हणत सुखानं गेले असते.

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हणालो, "आप्पा, आज घेतलीया."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही कोपरांवर जोर देऊन, धापा टाकत, ते तसूतसूनं भिंतीकडं सरकायला लागले. मी म्हणालो, "आप्पा, हलू नका." ते थांबले नाहीत. त्या अरुंद खाटेवर एका माणसाचीच जागा होती, त्यांनी आणखी एकाची केली.

"मग आज जाऊ नगंस," ते म्हणाले. "हितंच पड."